'एकच प्याला' आणि खंबाटकीचा घाट

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली, त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत, गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यास शंभराहून अधिक वर्षे लोटली. तरी दारूचा विषय निघाला की मराठी मनुष्यास प्रथम स्मरण होते ते सुधाकर-सिंधूचेच. नाटकाचे तात्पर्य विचारावे, तर 'पहिला प्यालाच घेऊ नये' हे उत्तर ठरलेले. हे उत्तर खोटे नव्हे. पण ते अपुरे आहे, असे आमचे मत आहे.

हे मत पारखून पाहण्यास खंडाळ्यासारखे स्थळ नाही. हा खंडाळा लोणावळ्याजवळचा नव्हे. सातारा जिल्ह्यातील, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. पुण्याकडील वाहने येथून घाट चढतात, साताऱ्याकडील वाहने बोगद्यातून येथे उतरतात. शेजारी शिरवळचे कारखाने आहेत. अशा उतारावर सुधाकर मोटार हाकीत असता तर? नाटकात त्याची दारू पत्नी, मूल आणि तो स्वतः यांचा नाश करते. अनर्थ घराच्या चार भिंतींत राहतो. घाटातील मद्यपी चालक मात्र ज्यांचे नावही त्यास ठाऊक नाही अशांचे प्राण घेतो. शिवाय, आपण किती प्यालो हे जोखणारी बुद्धीच दारू प्रथम मंद करते. म्हणून 'एकच घेतला' ही त्याची साक्ष कवडीमोलाची होय.

याकरिता कायदा त्याच्या शब्दावर विसंबत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८५ वे कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असलेल्या चालकास अपराधी ठरविते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. नाटक सुधाकराविषयी जी करुणा उत्पन्न करते, तिला रस्त्यावर स्थान नाही. येथे कायद्याचा कठोरपणा योग्यच आहे, आणि येथेच नाटकाची मर्यादाही दिसते.

परंतु कायदा प्याला मोजतो. प्याल्याच्या आधी आणि नंतर काय घडते, हे त्यास दिसत नाही. ते गडकऱ्यांस दिसले. सुधाकर प्रथम पितो तो चैनीखातर नव्हे. कोर्टात मानहानी होऊन वकिलीची सनद काही काळ हातची जाते, आणि त्या रिकाम्या वेळी कारकून तळीराम प्याला पुढे करतो. पुढे पश्चात्ताप होऊन तो दारू सोडतो, काम मागत हिंडतो. प्रतिष्ठितांच्या दारी त्याची अवहेलना होते, आणि तो पुन्हा, या वेळी कायमचा, बुडतो. आमच्या मते नाटकाचे मर्म पहिल्या प्याल्यात नसून या मिटलेल्या दारांत आहे. भाषेचा अतिरेक, तळीरामाच्या मंडळाचा लांबलेला विनोद, सिंधूचे अमानुष सोशिकपण हे दोष मान्य करूनही हा प्रसंग आजही अंगावर येतो.

कायद्याला ही दृष्टी अगदीच नाही, असे नव्हे. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यानुसार, नशेमुळे कामावर इजा झालेल्या कामगारास भरपाई देण्याचे दायित्व मालकावर नव्हते. पण मृत्यू आला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर ही सबब चालत नसे. मेलेल्याचा अपराध बाजूस ठेवून मागे राहिलेल्या सिंधूचा विचार तेथे केला होता. मात्र ही दया मनुष्य गेल्यावरची! दारू सोडून जिवंत परत आलेल्यास काम कोणी द्यावे, हे कोणतेही कलम त्यात सांगत नव्हते.

म्हणून आमचे म्हणणे इतकेच की, पिऊन आलेल्याच्या हाती घाटात चाक आणि कारखान्यात यंत्र क्षणभरही देऊ नये; पण सोडून आलेल्यास कामाचे दार बंद करू नये. पहिली गोष्ट शिपाई करू शकेल. दुसरी ज्यांनी करावयाची, ते प्रतिष्ठित लोक नाटकगृहात पुढच्या रांगेत बसून सिंधूकरिता डोळे पुसत असतात.