गाळ उपसावा, दगड घडवू नये : तेजोमेघांच्या छायाचित्रांविषयी

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

सुरुवात आमच्याच एका फजितीपासून करू.

थंडीच्या एका रात्री आम्ही याच शिवारात एका आखाड्यावर दुर्बीण लावली होती. गावातली दहा-पंधरा पोरं जमली. त्यांना उत्साह यावा म्हणून आम्ही आधी मोबाइलवर मृगातल्या तेजोमेघाचा आमचाच फोटो दाखवला. गुलाबी, जांभळा, मध्ये निळसर झळाळी. मग एकेकाला दुर्बिणीला डोळा लावायला सांगितलं. सातवी-आठवीतला एक मुलगा बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "सर, ह्यात रंग कुठंय? हे तर धुरावानी दिसायलंय."

आम्ही काहीतरी उत्तर दिलं, पण ते आम्हालाच पटलं नाही. पोराच्या मनात दोनच शक्यता असणार: एक तर दुर्बीण खराब आहे, नाहीतर सरांचा फोटो खोटा आहे. आजचं व्याख्यान म्हणजे त्याला द्यायचं राहून गेलेलं उत्तर आहे. अंधुक तेजोमेघांचा फोटो 'नैसर्गिक' कधी म्हणायचा आणि 'बनवलेला' कधी, एवढाच आजचा प्रश्न.

बहुतेक लोक पटकन म्हणतात की डोळ्यांना दिसतं ते नैसर्गिक. ही कसोटी इथे चालत नाही. कमी उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात, त्यांना रंग कळतच नाहीत. कुणी म्हणेल, मग यानातून जवळ जाऊन बघू. त्यानेही फरक पडत नाही. जवळ गेल्यावर तेजोमेघ आकाशात मोठा दिसेल, पण त्याचा प्रकाश तितक्याच मोठ्या क्षेत्रावर पसरेल. दर चौरस अंशामागे तेज तेवढंच राहतं. मृगातला तेजोमेघ आपल्यापासून सुमारे १३०० प्रकाशवर्षांवर आहे. अगदी दारात जाऊन उभे राहिलो तरी तो धुरासारखाच दिसेल. म्हणजे त्या मुलाला दिसलं ते खरं होतं. पण ते अपुरं होतं.

अपुरं का, हे समजून घ्यायला पुण्याला जावं लागेल, तेही सव्वाशे वर्षांपूर्वीच्या. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा उभी राहिली होती. तिथे ग्रब कंपनीची २० इंची परावर्तक दुर्बीण होती आणि कावसजी दादाभाई नायगमवाला हे ती चालवत. १८९१ च्या सुमारास त्यांनी मृगातल्या याच तेजोमेघाचा वर्णपट तपासला. त्या वर्णपटात हिरव्या भागात एक ठळक रेषा दिसते आणि तिच्यावरून त्या काळी मोठा वाद चालू होता. नॉर्मन लॉकियर यांचं म्हणणं होतं की ही मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कडा आहे, म्हणून ती एका बाजूने धूसर असली पाहिजे. नायगमवालांना मात्र ती रेषा धारदार आणि अरुंदच दिसली. लॉकियर हे फार मोठं नाव होतं. पण दुर्बिणीत जे दिसलं, ते नायगमवालांनी मोठ्या माणसाच्या मताप्रमाणे वाकवलं नाही.

मग ती रेषा कशाची? कुणालाच माहीत नसलेलं 'नेब्युलियम' नावाचं मूलद्रव्य लोकांनी कल्पिलं. १९२७ साली आयरा बोवेन यांनी दाखवून दिलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. अंधाराला सरावलेला आपला डोळाही साधारण ५०७ नॅनोमीटरलाच सगळ्यांत जास्त संवेदनशील असतो. म्हणून मोठ्या दुर्बिणीतून मृगाचा तेजोमेघ किंचित हिरवट भासतो. हायड्रोजनचा लाल प्रकाश असतो ६५६.३ नॅनोमीटरचा. तो तिथे भरपूर आहे, पण अंधारातला डोळा त्याला जवळजवळ आंधळा आहे.

थोडक्यात, लाल रंग फोटोवाल्याने घातलेला नाही. तो आपल्या डोळ्याने गाळलेला आहे. कॅमेरा तो गोळा करतो. साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरपुढचं फिल्टरही या लाल प्रकाशाचा मोठा भाग अडवतं, म्हणून हौशी लोक ते बदलून घेतात.

आता येऊ संगणकावरच्या कामाकडे, कारण खरा वाद तिथे आहे. ते समजायला वालूरकरांना लांब जायची गरज नाही, आपली बारव पुरे. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांची ही बारव आज लांबून लोक बघायला येतात. गावाने ती साफ केली म्हणजे काय केलं? गाळ उपसला, कचरा काढला, झुडपं तोडली. पायऱ्या आधीच होत्या, त्या फक्त उघड्या झाल्या. समजा त्या वेळी कुणी म्हणालं असतं, "चार पायऱ्या कमी दिसतात, सिमेंटच्या करून टाकू, वरून रंग मारू," तर फोटो छान आला असता. पण बारव गेली असती.

तेजोमेघाच्या फोटोतही ही दोन कामं वेगळी आहेत. उपसण्याचं काम असं: तीन-तीन मिनिटांची शंभर एक्स्पोजर घ्यायची, म्हणजे पाच तासांचा प्रकाश. सेन्सरचा स्वतःचा गोंधळ आणि लेन्सवरच्या धुळीचे डाग वेगळ्या फ्रेम घेऊन दूर करायचे. मग शंभर फ्रेम एकावर एक रचायच्या. शंभर फ्रेमनी प्रकाश आणि गोंधळ यांचं प्रमाण दहापट सुधारतं. तरीही चित्र जवळपास काळंच दिसतं, कारण सगळी माहिती अगदी तळाशी दबलेली असते. ती वर ओढायची, त्याला स्ट्रेच म्हणतात. रंगांचा तोल आपल्या आवडीने ठरवायचा नाही. फोटोतल्या ताऱ्यांचे मोजलेले रंग तारकासूचीत असतात, त्यांच्याशी जुळवायचा. यात कुठेही नवी पायरी घडवलेली नाही.

घडवण्याचं काम कुठे सुरू होतं? आमच्या पाहण्यात तीन जागा वारंवार येतात.

पहिली, तेजाचा क्रम मोडणं. मृगाच्या तेजोमेघाचा गाभा इतका तेजस्वी आहे की त्याला काही सेकंद पुरतात, आणि कडेच्या धुळीला तास लागतात. म्हणून लहान-मोठी एक्स्पोजर मिसळतात, ते योग्यच आहे. पण पुष्कळ फोटोंत मिसळता मिसळता गाभा कडेपेक्षाही मंद होतो. सगळंच सारखं उजळ, सारखं कुरकुरीत. अंतर कमी करायला हरकत नाही, पण जे जास्त तेजस्वी आहे ते चित्रातही जास्त तेजस्वी राहिलं पाहिजे. जे अंधुक आहे, त्याला अंधुक राहण्याचा हक्क आहे.

दुसरी, आकाश डांबरासारखं काळं करणं. खरं आकाश पूर्ण काळं नसतं. गावच्या दिव्यांचा उजेड काढून टाकण्याच्या नादात संगणक पार्श्वभूमी सपाट करतो, आणि तिच्यातच सर्वांत विरळ धूळ पसरलेली असते. ज्या अंधुकपणासाठी रात्रभर जागलो, तोच आपण पुसून टाकतो.

तिसरी जागा नवी आहे, आणि आम्हाला सगळ्यांत जास्त धास्ती तिची वाटते: शिकवलेल्या यंत्राकडून तपशील 'धारदार' करून घेणं. अशा यंत्राने आधी हजारो चित्रं पाहिलेली असतात, त्यामुळे धागे कसे असायला हवेत हे त्याला 'माहीत' असतं. आणि ते तुमच्या फोटोत तसे धागे काढूनही देतं. बेताने वापरलं तर त्याचा उपयोग आहे. पण जिथे मुळात गोंधळच होता तिथे धागे उगवले, तर ती सिमेंटची पायरी झाली.

इथे कुणी विचारेल, मग हबलच्या फोटोंचं काय? प्रश्न बरोबर आहे. १९९५ सालचा गरुड तेजोमेघातल्या 'निर्मितीच्या स्तंभां'चा फोटो जगभर गेला. त्यात सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. म्हणजे लाल हायड्रोजन तिथे हिरवा आहे! तरी आम्ही त्याला खोटा म्हणणार नाही. तो नकाशा आहे. नकाशात डोंगर तपकिरी आणि समुद्र निळा असतो, कारण सूची बाजूला छापलेली असते. कोणता वायू कुठे आहे, हे त्या रंगांवरून वाचता येतं. आमचं भांडण आहे ते सूची फाडून टाकलेल्या नकाशाशी. तेच रंग उचलायचे, हिरवा आवडत नाही म्हणून सोनेरी करायचा आणि खाली लिहायचं, 'आमच्या गच्चीवरून दिसलेलं आकाश'. ही फसवणूक आहे, भले अनवधानाने झालेली असो.

याच्या उलट एक चांगलं उदाहरण पुण्याचं आहे. २०२१ साली तिथल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पन्नास हजारांहून जास्त फ्रेममधून चंद्राचं चित्र रचलं. चंद्र इतका रंगीत आपल्याला कधीच दिसत नाही. पण त्यातले निळसर-तांबूस फरक तिथल्या खनिजांमुळे आहेत, चित्रात ते फक्त वाढवलेले आहेत. शिवाय दोन प्रतिमा मिसळून उठाव आणल्याचंही त्याने उघड सांगितलं. काय केलं ते सांगितलं, की बघणारा आपलं मत बनवू शकतो.

काहींना वाटेल, एवढं काटेकोर कशाला? हौस आहे, सुंदर दिसलं की झालं. याला उत्तर म्हणून एक गोष्ट सांगतो. देवयानी दीर्घिका ही आकाशातली बहुधा सगळ्यांत जास्त फोटो काढलेली दीर्घिका. तिच्या शेजारी नवं काही सापडेल असं कुणाला वाटलं नव्हतं. २०२२ साली यान सेंटी, झेव्हिए स्ट्रॉटनर आणि मार्सेल ड्रेक्स्लर या हौशी निरीक्षकांना तिच्याजवळ ऑक्सिजनच्या प्रकाशाची एक कमान दिसली. ती सुमारे दीड अंश लांब आहे, म्हणजे तीन पौर्णिमेचे चंद्र शेजारी ठेवावेत एवढी. ती इतकी अंधुक आहे की खात्री करायला शंभराहून अधिक तासांचा प्रकाश आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या दुर्बिणी लागल्या. आणि ती सापडली कोणत्या रेषेत? ५००.७ नॅनोमीटर. नायगमवालांनी पुण्यात धारदार पाहिली, तीच.

त्यांनी पार्श्वभूमी काळी करून टाकली असती तर कमान गेली असती. यंत्राकडून चित्र 'सुंदर' करून घेतलं असतं तर ती दिसूनही कुणी विश्वास ठेवला नसता. म्हणून आमची शेवटची कसोटी ही: आपल्या फोटोतला तपशील दुसऱ्या रात्री, दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पुन्हा दिसला पाहिजे.

या कसोटीवर आम्ही आमचा तो जुना फोटो परत उघडला. जांभळा रंग आमचा होता, आकाशाचा नव्हता. आकाश आम्हीच काळं केलं होतं. मूळ फ्रेम जपून ठेवल्या होत्या म्हणून पुन्हा सुरुवातीपासून बसलो. नवा फोटो फिकट आहे. गाभा गाभ्यासारखा उजळ आहे, हायड्रोजनचा रंग गुलाबी आहे आणि कडेला मळकट तपकिरी धूळ आहे, जी जुन्या फोटोत नव्हतीच. मोबाइलवर त्याला कमी लाइक मिळतील. चालेल.

वालूरवरून मृगाचा तेजोमेघ माथ्यावर येतो तेव्हा क्षितिजापासून साधारण ६५ अंश वर असतो. धनु आणि वृश्चिकातले दक्षिणेकडचे तेजोमेघ, जे युरोपात क्षितिजालगत रांगतात, ते इथे ४५ अंशांच्या आसपास चढतात. हे आपलं भाग्य आहे. तेवढे हायमास्ट दिवे खाली तोंड करून लावा, ही ग्रामपंचायतीला विनंती.

आणि तो मुलगा आज इथे बसला असेल तर त्याला सांगतो: बाळा, तू बघितलेला धूर खरा होता. आमच्या फोटोतला गुलाबी रंगही खरा होता, पण जांभळा आमचा होता. पुढच्या वेळी आधी दुर्बीण, मग फोटो. आणि फोटोखाली आम्ही काय काय केलं ते लिहिलेलं असेल. तू वाचून विचार.

आता तुमचे प्रश्न घेऊ.