बाळाची खोली आणि खिडकीचा पिवळा रंग

सातवा महिना लागल्यापासून माझ्या थीसिसपेक्षा बाळाच्या खोलीची काळजी माझ्या फोनलाच जास्त आहे. रोज एक तरी व्हिडिओ समोर येतो. रिकामी खोली, पोट सावरत उभी असलेली आई, रोलर घेतलेला बाबा. अर्ध्या मिनिटात ढगांचा वॉलपेपर, पांढरा पाळणा, भिंतीवर नाव. (जन्माआधीच नाव! माझ्या आजीने पाहिलं असतं तर फोन काढून घेतला असता.) मी हे सगळं आवडीने पाहते, त्यामुळे ही तक्रार आतल्या गोटातली समजा.

तक्रार सजावटीबद्दल नाहीच. तिच्यावर चिकटवलेल्या 'मेंदूच्या विकासासाठी' या लेबलबद्दल आहे.

सध्याचं मोठं खूळ म्हणजे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची भिंत. त्यामागे खरं संशोधन आहे. रॉबर्ट फँट्झ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने बाळांना निजवून वर दोन चित्रं धरली आणि बाळ कुठल्या चित्राकडे जास्त वेळ बघतं ते एका भोकातून पाहून मोजलं. इतकं साधं! १९६३ साली त्याने दाखवलं, की पाच दिवसांच्या आतली बाळंसुद्धा कोऱ्या रंगीत चकतीपेक्षा काळ्या-पांढऱ्या नक्षीकडे जास्त वेळ बघतात. म्हणजे नवजात बाळाला आकार दिसतात. पट्ट्या बघितल्याने बाळ हुशार होतं, असं या प्रयोगातून निघत नाही. आवड मोजणं वेगळं, परिणाम मोजणं वेगळं. ही उडी मी माझ्या थीसिसमध्ये मारली तर गाईड पान परत करतील.

शिवाय अंतराचं काय? नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं त्यातल्या त्यात बरं दिसतं. अंगावर पिताना आईचा चेहरा असतो ना, तेवढंच. तीन मीटरवरच्या भिंतीवरचा नाजूक हत्ती म्हणजे त्याच्यासाठी एक पुसट डाग. हत्ती आपल्यासाठी आहे. असू दे की, नऊ महिने आपणही काढतोच.

पण या व्हिडिओंमधलं एक दृश्य मला खरंच खटकतं, आणि ते दोन सेकंदांत पळवलेलं असतं: जुना रंग खरवडणं. धूळ उडते आहे आणि गर्भवती बाई तिथेच हसत उभी आहे.

माझं काम नदीच्या गाळातल्या जड धातूंवर आहे, त्यामुळे शिसं म्हटलं की माझे कान टवकारतात. आपल्याकडे घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, हा नियम २०१६ साली निघाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग अजून आपल्या घरांवर आहेतच. आणि लोक बघतात भिंतीकडे! चुना-डिस्टेंपरपेक्षा जास्त संशय घ्यायला हवा दारं, खिडक्या, ग्रिल यांच्यावरच्या ऑइल पेंटचा, त्यातही पिवळ्या-नारिंगी छटांचा. लेड क्रोमेट हे रंगद्रव्य असतंच पिवळं.

हे शिसं श्वासातून, हातातोंडातून शरीरात जातं आणि वारेतून बाळापर्यंत पोचतं. जन्मानंतर बाळ रांगायला लागलं की जमिनीवरची धूळ थेट तोंडात. तेवढंच शिसं पोटात गेलं तरी लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं. सुरक्षित म्हणावी अशी त्याची कुठलीच पातळी माहीत नाही. मेंदूच्या विकासाचं एवढं कौतुक असलेल्या व्हिडिओंत हे कुठेच नसावं, याचा राग येतो.

आमचं घर सासऱ्यांनी १९८२ साली बांधलेलं. खिडक्या पिवळ्या. पेंटरकाका पॉलिश पेपर घेऊन आले होते आणि नवरा म्हणाला, "एका दिवसात उरकू." मी त्या दोघांना थांबवलं आणि चौकटीचा सुटलेला पापुद्रा पाकिटात घालून लॅबमध्ये नेला. एक्स-रे फ्लुरोसन्सच्या यंत्रावर मैत्रिणीने लावून पाहिला. आकडा ९० च्या आसपासही नव्हता, हजारांत होता.

मग घासकाम रद्द. जिथे थर घट्ट आहे तिथे ओल्या फडक्याने पुसून त्यावरच नवा रंग. जिथे पापुद्रे सुटलेत ती चौकट पाणी मारून, ओली ठेवूनच खरवडायची, काकांच्या तोंडाला नीट मास्क, खाली प्लास्टिक, नंतर झाडू नाही, ओलं पुसणं. आणि मी त्या आठवड्यात माहेरी. काका म्हणाले, "ताई, तीस वर्षं घासतोय, काही झालं नाही." त्यांना रक्त तपासायला सांगितलंय. अजून गेलेले नाहीत.

बाकी खोलीत पाळणा आहे, आईच्या जुन्या साड्यांची दुपटी आहेत, आणि नणंदेने लोकरीचं चिमणाळं विणलंय, लालभडक. हत्ती नवऱ्याने आणलाय; रंग वाळला की चिकटवणार आहे.