कोळसा, कोयता आणि डोके

कोळसा, मडकी, लोखंड घेऊन रचलेल्या मांडणशिल्पांना आपली कलासमीक्षा कौतुकाने ‘वेगळ्या माध्यमातील कला’ म्हणते. वेगळे कोणाला, हा प्रश्न मात्र ती विचारीत नाही. ज्यांच्या फुप्फुसात कोळसा गेला, त्यांना तो वेगळा नाही.

प्रभाकर पाचपुते यांचा जन्म १९८६ सालचा, चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती गावचा. त्यांच्या घरातील पिढ्या कोळशाच्या खाणीत राबल्या. २०१२ साली मुंबईच्या क्लार्क हाउसमध्ये त्यांनी कोळशानेच भिंतीवर खाणकामगार उभा केला. चित्राचा कोळसा लाकडी, खाणीतला दगडी. पण हात दोन्हींनी काळे होतात.

त्यांच्या कित्येक आकृत्यांना डोके नाही. त्या जागी दिवा किंवा अवजार आहे. ही कल्पनेची भरारी, असे म्हणून मोकळे होता येईल. परंतु मी बीड जिल्ह्यात शिकवतो. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. माणसाचे डोके काढून तेथे अवजार बसवण्याचे काम चित्रकाराआधी मुकादमाच्या वहीने केले आहे! त्या कोयत्यात बाई तर दिसतही नाही. गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड बायांच्या प्रश्नावर २०१९ साली शासनाला समिती नेमावी लागली. अवर्षण, साखरेचे अर्थकारण आणि सत्ता ही तिन्ही एका देहात अशी उतरतात.

माझा आक्षेप येथून सुरू होतो. डोके हिरावले गेले हे दाखवणे सत्य आहे, पण पुरेसे नाही. २०१८ च्या कोची प्रदर्शनात पाचपुत्यांनी त्याच वर्षीच्या नाशिक-मुंबई शेतकरी मोर्चाचा विषय घेतला, हे पुढचे पाऊल मान्य. तरीही कोळसा वर्ग सांगतो, जात सांगत नाही. २०२२ साली बर्लिनच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडलेल्या प्रभाकर कांबळे यांच्या ‘उतरंड’मध्ये मडक्यावर मडके चढते. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्याला थुंकीसाठी गळ्यात मडके बांधावे लागे, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लिहून ठेवले आहे. असे मडके माध्यम नसते. ते साक्षीदार असते.

ऊसतोड कामगारांची मुले आज महाविद्यालयात येत आहेत. उद्या त्यांच्यातील कोणी कोयता आणि पाचट घेऊन मांडणशिल्प रचील. त्याने त्या कोयत्याच्या जागी पुन्हा डोके बसवावे, बाईचेही बसवावे, आणि त्या डोक्यांना नावे द्यावीत. आंबेडकरी चळवळीने आपल्याला विचार करणारे डोके दिले आहे. ते ज्या कलेत नाही, ती आपली वेदना दाखवील. आपले माणूसपण नव्हे.