खांद्यावरची बंदूक, खाली ठेवलेली बंदूक

अमेरिकेतील बोस्टन शहरात, विधानभवनासमोर, ऑगस्टस सेंट-गॉडन्स यांचे ब्राँझचे शिल्प आहे. यादवी युद्धात लढलेल्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स या काळ्या सैनिकांच्या पलटणीचे हे स्मारक. ३१ मे १८९७ रोजी त्याचे अनावरण झाले. मध्यभागी घोड्यावर गोरा कर्नल रॉबर्ट शॉ, बाजूने पायी चालणारे काळे सैनिक, खांद्यावर बंदुका. या पलटणीला मिळालेली बंदूक इंग्लिश बनावटीची, तोंडाकडून ठासायची एन्फिल्ड होती.

मी हे शिल्प छायाचित्रांतूनच पाहिले आहे. त्याचे मोल मी नाकारीत नाही. वॉशिंग्टनमधील १८७६च्या मुक्तिस्मारकात काळा माणूस लिंकनच्या पायाशी गुडघे टेकून आहे. येथे तो ताठ चालतो. शिल्पकाराने काळ्या माणसांना समोर बसवून एकेक चेहरा वेगळा घडविला. पण चेहरे दिले, नावे दिली नाहीत. मेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची नावे आरंभीच कोरली गेली. काळ्या सैनिकांची कोरायला ऐंशीहून अधिक वर्षे लागली.

यापेक्षा मोठी उणीव आशयाची आहे. काळ्याने बंदूक उचलली की त्याचे नागरिकत्व कोणी नाकारू शकणार नाही, अशी फ्रेडरिक डग्लस यांची मांडणी होती. त्यांचे दोन मुलगे याच पलटणीत गेले. १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावरील हल्ल्यात पलटण कापली गेली. तरी गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर आणि वर कपड्यांचा भत्ता. काळ्याला १०, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून ७. सैनिकांनी हा पगार घेतलाच नाही. राज्य सरकार फरक भरून द्यायला तयार झाले, तेही त्यांनी नाकारले. प्रश्न पैशांचा नव्हता, समान मोलाचा होता.

माझे वडील मजुरीच्या मस्टरवर अंगठा उठवीत. कमी मजुरी नाकारणे म्हणजे घरची चूल विझवणे, हे पहिल्या पिढीच्या पदवीधराला पुस्तकातून शिकावे लागत नाही. म्हणून वॅग्नरच्या हल्ल्याइतकाच हा नकार मला पराक्रम वाटतो. दक्षिण कॅरोलायनाच्या तिसऱ्या काळ्या पलटणीतील सार्जंट विल्यम वॉकर यांनी नोव्हेंबर १८६३ मध्ये आपल्या तुकडीसह कर्नलच्या तंबूसमोर बंदुका खाली ठेवल्या. त्यांना बंडखोर ठरवून फेब्रुवारी १८६४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. समान वेतनाचा कायदा त्यानंतर, जून १८६४ मध्ये आला.

खांद्यावरची बंदूक ब्राँझमध्ये आली. खाली ठेवलेली आली नाही. पहिली राष्ट्राच्या कामाची होती, दुसरी राष्ट्राला जाब विचारीत होती. अनावरणाच्या वर्षभर आधीच, १८९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने काळ्यांना वेगळ्या डब्यात बसविणे वैध ठरविले होते. अशा काळाला आज्ञाधारक सैनिकाचा गौरव परवडतो.

आपल्याकडे भीमा कोरेगावच्या स्तंभावर ‘नाक’ लावलेली महार सैनिकांची नावे एकोणिसाव्या शतकातच कोरली गेली. तरीही त्याच शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरती बंद झाली आणि १८९४ मध्ये गोपाळबाबा वलंगकरांना अर्ज लिहावा लागला. नाव कोरले जाणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तेथे गेले तेव्हा त्या दगडाला आजचा अर्थ आला.

आपले कवी, नाटककार शौर्याकडे वळतात तेव्हा त्यांच्याकडून माझी एवढीच अपेक्षा आहे: बंदूक कोणी चालविली हे सांगताना ती कोणी, कशासाठी खाली ठेवली, तेही लिहावे.