तालिकेतली वस्ती

ग्रंथालयाच्या तालिकेला जात नसते, असा समज आपल्या सुशिक्षित वर्गात रूढ आहे. तो तपासून घेतला पाहिजे. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि जगातले सारे ज्ञान दहा घरांत बसवले. त्यातले धर्माचे घर पाहावे. २२० पासून २८९ पर्यंतची ऐसपैस जागा बायबल व ख्रिस्ती धर्माची. बौद्ध धम्माला पुढे २९४.३ ही एक खोली मिळाली, तीही २९४.५ वरील हिंदू धर्माच्या ओसरीला लागून. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयशीर्षकांत आपला समाज दीर्घकाळ 'अनटचेबल्स' म्हणून नोंदला गेला. 'दलित' हे शीर्षक नंतर आले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) मराठी साहित्याच्या ८९१.४६ मध्ये लावायचे, की सामाजिक वर्गांच्या ३०५.५ मध्ये? ३०५.५ मध्ये लावले की लेखकाची भाषा गेली, उरला तो पुरावा. ही समीक्षाच झाली. फक्त तिच्याखाली समीक्षकाचे नाव नसते.

परंतु तालिका आता पुस्तकांपुरती राहिलेली नाही. संगणकाला वाचता येणाऱ्या नोंदीचा 'मार्क' हा नमुना १९६० च्या दशकात अमेरिकेत तयार झाला. १९९० च्या दशकात त्याच धर्तीवर स्थानिक समाजाच्या माहितीसाठी स्वतंत्र नमुना आला. त्यात संस्था, व्यक्ती, सेवा, कार्यक्रम यांची प्रत्येकी नोंद होते. पत्ता, वेळ आणि 'पात्रता, शुल्क व कार्यपद्धती' असेही रकाने आहेत. हा पात्रतेचा रकाना पाहून महाडचा माणूस थबकल्याशिवाय राहणार नाही.

कारण बोले ठरावानंतर, १९२४ साली, महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केला होता. त्या वर्षी कोणी नोंद केली असती तर पात्रतेपुढे 'सर्व' असेच लिहिले गेले असते, आणि ती नोंद नियमांप्रमाणे निर्दोष ठरली असती! प्रत्यक्षात २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर जावे लागले, त्या दिवशी आमच्या माणसांनी मार खाल्ला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडले. ठराव आणि पाणी यांच्यामधली ही तेरा वर्षे कोणत्या रकान्यात लिहायची? नमुन्यात टिपणांना जागा आहे. ती भरणारा हात कोणाचा, यावर सारे अवलंबून आहे.

महाड तालुक्यातले बिरवाडी घ्या. औद्योगिक वसाहतीला लागून असलेले हे गाव. येथल्या वाचनालयाने अशा नोंदी करायच्या ठरवल्या, तर वस्तीला हवे असते ते जात पडताळणीच्या कागदांचे, शिष्यवृत्तीच्या मुदतीचे, कारखान्यातील भरतीचे, आणि पुरात कोठे जायचे याचे. जुलै २०२१ मध्ये महाड पाण्याखाली गेले, तेव्हा या शेवटच्या माहितीची किंमत सर्वांना कळली. यातील बरीच माहिती वस्तीत तोंडी फिरते, आणि काही मुंबईतल्या गावमंडळाच्या वहीत असते. सरकारी कागदावरून नोंदी भरल्या की हे सारे निसटते.

नावांचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता. १८८३ चे गॅझेटियर त्याच नावाने आहे. म्हणून तालिकेत 'कुलाबा : पाहा रायगड' अशी वाट ठेवतात. वस्त्यांच्या नावांनाही हाच नियम लावता येईल. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्तीनावे बदलण्याचा निर्णय घेतला. तेव्हा शीर्षकात राहील ते वस्तीने घेतलेले नाव. जुने नाव फक्त 'पाहा' म्हणून. ते साफ पुसावे असे मात्र मला वाटत नाही. पुसले, तर जुन्या दप्तरात आजोबांचा माग काढणाऱ्या पोराला वाट सापडणार नाही, आणि जाच झालाच नव्हता असे म्हणणाऱ्यांची सोय होईल.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिले. १९२७ च्या परिषदेच्या उभारणीत राबलेले आर. बी. मोरे याच तालुक्यातल्या लाडवलीचे. या दोन नोंदी गावाच्या नावाखाली उघडल्या पाहिजेत. 'अस्पृश्यता' या शीर्षकाखाली त्या सापडतीलही. पण बिरवाडीचा मुलगा आधी आपल्या तालुक्याचे नाव शोधतो.