‘शक्ती’तली खरी जोड

‘फ्यूजन’ हा शब्द आता फार स्वस्त झाला आहे. सतारीच्या मागे ड्रम वाजले की झाले फ्यूजन! म्हणूनच हा शब्द ज्या काळात घडला त्या काळातल्या तबकड्या पुन्हा ऐकाव्यात, असे मला वाटते. त्यांतही ‘शक्ती’ या चौघांच्या वृंदाच्या.

थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. माइल्स डेव्हिसची ‘बिचेस ब्रू’ १९७० मध्ये आली आणि जॅझमध्ये विजेवरची वाद्ये राजरोस शिरली. त्या तबकडीवर गिटार वाजवणारा इंग्रज तरुण म्हणजे जॉन मॅकलॉक्लिन. त्याने १९७१ मध्ये ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ उभा केला. ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ (१९७१) आणि ‘बर्ड्‌स ऑफ फायर’ (१९७३) या त्याच्या तबकड्यांनी गाजवून सोडले. बिली कॉबमचे ड्रम तर अजूनही दचकवतात. पण त्या संगीतातले भारतीयपण मला बरेचसे नावात आणि थोडेफार विषम मात्रांच्या हिशेबात दिसते. स्वर मात्र रॉकचेच, आणि तेही कानठळ्या बसवणारे.

पुढे याच माणसाने विजेची गिटार बाजूला ठेवली आणि तो झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटम्‌वादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत बसला. ५ जुलै १९७५ रोजी अमेरिकेत लाँग आयलंडवरच्या एका कॉलेजात झालेली त्यांची मैफल १९७६ मध्ये तबकडीवर आली. तीवर आर. राघवन यांचा मृदंगही आहे.

‘पूर्व-पश्चिमेचा संगम’ असे या तबकडीचे वर्णन नेहमी केले जाते. मला ते अर्धवट वाटते. जॅझचा आत्मा असलेली स्वरसंवादांची बदलती चौकट इथे जवळजवळ नाहीच. खालचा षड्‌ज जागचा हलत नाही. मग जोड आहे कुठे? ती आहे तबला आणि घटम्‌ यांच्यात. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या आपल्याच देशातल्या दोन पद्धती एका बैठकीत समोरासमोर येतात, आणि मध्ये बसलेला इंग्रज त्यांना निमित्त पुरवतो!

आपल्या भागात हे चटकन उमगावे. मिरजेला राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी कर्नाटक संगीतातली सरगम आपल्या गायकीत आणली आणि त्यागराजांची कृतीही ध्वनिमुद्रित केली, हे आपण ऐकत आलो आहोत. शिवाय घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्याला दोन भाषांची खिचडी आणि दोन भाषांवरची हुकमत यांतला फरक शिकवावा लागत नाही. ‘शक्ती’त हुकमत आहे. झाकीर तबल्याचे बोल सोडत नाहीत, विनायकराम आपले जतींचे गणित सोडत नाहीत. पण एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर उतरायचे, हे दोघांनाही रक्तातूनच ठाऊक असते. इकडे त्याला तिहाई म्हणतात, तिकडे मोरा. या एका सामाईक उंबरठ्यावर त्यांची गाठ पडते.

आणि इंग्रजाने स्वतः किती मेहनत घेतली! अमेरिकेत तो वीणा शिकला होता. गिटार त्याने मुद्दाम बनवून घेतली. नेहमीच्या सहा तारांच्या खालून तिरप्या ताणलेल्या सात जादा तारा, आणि पडद्यांमधले लाकूड कोरून काढलेले. त्यामुळे तार आत दाबून स्वर वाकवता येतो. गमक हवी असेल तर नुसती इच्छा पुरत नाही, लाकूडही कोरावे लागते.

कौतुकाबरोबर तक्रारही नोंदवतो. या मंडळींना धीर फार कमी. अठरा मिनिटांचे ‘जॉय’ पाहा. वेग थक्क करतो. पण एका स्वरावर टेकून बसणे त्यांना सुचत नाही. म्हणून मला त्याच तबकडीवरचा ‘लोटस फीट’ हा पाचेक मिनिटांचा संथ तुकडा अधिक मोलाचा वाटतो. तिथे शंकरचा गज स्वर लांबवतो आणि गिटारीला तो लांबवता येत नाही, ही तिची मर्यादाच सुंदर होते. ‘नॅचरल एलिमेंट्‌स’ (१९७७) मध्ये तुकडे आखूड झाले, चाली सुबक झाल्या आणि धार बोथटली.

१९९७ पासून ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने दुसरा डाव सुरू झाला. त्यात यू. श्रीनिवास यांचे मेंडोलिन, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश, आणि ‘कट्यार’मुळे आपल्या घरोघरी पोचलेले शंकर महादेवन. शब्द आणि गळा आल्यावर संगीत गोड झाले. जरा जास्तच गोड, असे माझे मत. ‘धिस मोमेंट’ (२०२३) ला २०२४ मध्ये ग्रॅमी मिळाले आणि त्याच वर्षी डिसेंबरात झाकीरभाई गेले.

नव्याने ऐकणाऱ्याने मात्र बक्षिसाच्या तबकडीपासून सुरुवात करू नये. मधली ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ लावावी. पहिल्याच तुकड्याच्या आरंभी वाद्ये गप्प आहेत, नुसते तोंडाने म्हटलेले बोल आहेत. त्यांतले इकडचे कुठले आणि तिकडचे कुठले, ते घरात कुणा जाणत्याला सोबत बसवून ओळखावे.