सत्तासहभाग आणि स्वायत्तता : रिपब्लिकन राजकारणाची चिकित्सा

१९९० मध्ये शरद पवार यांच्या मंत्रिमंडळात रामदास आठवले यांचा समावेश झाला. या घटनेकडे केवळ दलित प्रतिनिधित्वाचा विजय म्हणून पाहणे अपुरे ठरते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी संमत केला होता. त्याची अंमलबजावणी १४ जानेवारी १९९४ रोजी झाली, तीही नामविस्ताराच्या रूपाने. त्याचे श्रेय मंत्रिपदापेक्षा दीर्घ लोकलढ्याकडे जाते. इस्रायलमध्ये २०२१ साली मन्सूर अब्बास यांच्या अरब पक्षाच्या ४ सदस्यांवाचून सरकार बनत नव्हते. रिपब्लिकन पक्षाकडे असे निर्णायक संख्याबळ नव्हते. सारांश, सहभागाचे मोल पाठिंबा काढून घेण्याच्या सामर्थ्यावरून ठरते. त्याअभावी मंत्रिपद पक्षाचे न राहता व्यक्तीचे होते.